बागेतला एकुलता गुग्गुळ

८ जुलै २०२४, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची अडचण व्हायला नको.

प्राचार्यांना सांगून टाकलं, गुग्गुळाचा अख्खा जीनोम आपण काढणार. आपण म्हणजे सोलापूर. त्यांनी विचारलं, म्हणजे नक्की काय काढणार? म्हटलं, झाडाची जन्मपत्रिका, अक्षर न् अक्षर. त्यांनी विचारलं, मग ती बघून देणारा कोण? अशा माणसांत मी उभं आयुष्य काढलं. शिसारी येते.

कॉलेजच्या बागेत गुग्गुळ एकच. कमरेएवढं काटेरी झुडूप, सालीला पापुद्रे. औषधी डिंकासाठी लोकांनी हे झाड जिथे तिथे ओरबाडून संपवत आणलंय. माणूस जात मुळातच हावरट. प्रकल्पाचं नाव मीच ठेवलं: गुग्गुळ वाचवा.

काव्या माझी पीएचडीची विद्यार्थिनी, अकरावीची प्रॅक्टिकल्सही तीच घेते. तिचा सगळा प्रबंध या एका झाडावर आहे. झाडाला काही झालं तर काय, म्हणून ती घाबरते. म्हटलं, मी आहे ना.

१२ जुलै
पहाटे पानं खुडायला जाणार होतो. साडेअकराला गेलो. ऊन संशोधनाला चांगलंच.

काव्या म्हणाली, आधी फांद्या लावून दोन रोपं तरी करून ठेवू या सर. म्हटलं, ते माळ्याचं काम. आपण जीनोमिक्सवाले.

१९ जुलै
डीएनए निघाला नाही. शेंबूड निघाला. दुसरा शब्द नाही. तपकिरी, तार धरणारा, पिपेटला लोंबणारा. झाडात डिंकच इतका, त्याला मी काय करू? अन्नावरची वासना उडाली. दोनच भाकऱ्या खाल्ल्या.

२ ऑगस्ट
पुन्हा पानं. पुन्हा शेंबूड.

२१ ऑगस्ट
काव्याचं म्हणणं, पानं लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून खलायला हवीत. नायट्रोजन पुण्याहून येणार, म्हणजे येणार नाही. लॅबमधला खल झूलॉजीवाल्यांनी नेला आणि त्यात झुरळं वाटली. तो परत आणला तरी मी हात लावणार नाही.

तोडगा मीच काढला. घरचा फ्रीजर आणि आईचा, म्हणजे अम्माचा, दगडी खलबत्ता. अम्माने विचारलं, काय कुटालायस? म्हटलं, संशोधन. ती म्हणाली, झाल्यावर धुऊन ठेव.

२४ ऑगस्ट
डीएनए निघाला. पांढरेशुभ्र धागे. मला माहीतच होतं. नमुना हैदराबादच्या एका लॅबकडे रवाना. काव्याला म्हटलं, शीक काहीतरी.

आजपासून रोज सकाळी झाडाला स्वतः पाणी घालायचं.

२५ ऑगस्ट
रविवार. पाणी उद्यापासून.

२७ सप्टेंबर
रिपोर्ट आला. गुग्गुळ किरकोळ. सगळ्यात जास्त भुईमूग. त्याखालोखाल लसूण. मग मिरची.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुग्गुळाने आजूबाजूच्या पिकांची जनुकं उचलली आहेत. असं आजवर कुणालाच सापडलेलं नाही. काव्या काहीतरी बोलणार होती, तिला गप्प केलं. प्राचार्यांना फोन केला. त्यांनी लगेच वार्ताहराला.

२८ सप्टेंबर
पेपरात माझा फोटो. मथळा, ‘सोलापूरच्या गुग्गुळात शेंगदाण्याचे गुण’. भाषा गावंढळ, पण आशय बरोबर.

जेवताना रिपोर्ट वैजयंतीला वाचून दाखवला. बायकोला निदान कळू दे आपण कुणाशी लग्न केलंय. तिने शांतपणे विचारलं, जिरं कसं नाही आलं? म्हटलं, कसलं जिरं? ती म्हणाली, शेंगाचटणीत आपण जिरं घालतोच की.

घास तोंडात फिरायला लागला.

३० सप्टेंबर
अम्मा म्हणते, दगडात लसूण लई मुरलेला असतोय, कितीबी धू, जात न्हाई. आणि मी आधी धुतलाच नव्हता. तिने नंतर धू म्हटलं होतं. आधी धू असं कुणी म्हटलं होतं?

प्राचार्यांना सांगितलं, हैदराबादवाल्यांचा घोळ आहे. स्टाफरूममध्ये मी शिरलो की कुणी ना कुणी भाकरी पुढे करतं. काल वाटीत तेल आणून ठेवलेलं. ही माणसं मुलांना शिकवतात. उबग आला आहे.

१४ नोव्हेंबर
झाडाला पान उरलेलं नाही. गुग्गुळ पावसाळा सरला की पानं गाळतो. गाळायच्या आधीची बरीचशी मी खुडली होती, ते वेगळं.

काव्या म्हणते, पुढच्या पावसापर्यंत थांबू, तोवर फांद्या लावू. थांबणं माझ्या रक्तात नाही. पानं नसली तर साल आहे.

६ डिसेंबर
साल काढली. काव्या दोन दिवस गावी गेलीय, तेवढीच शांतता. तिने फोनवर सांगितलं होतं, नखाएवढा तुकडा एका बाजूने घ्या सर. पण एकाच बाजूचा नमुना घेणं शास्त्रीय नाही. सगळ्या बाजूंना समान न्याय हवा. म्हणून जमिनीलगत खोडाभोवती चाकू गोल फिरवला. चांगलं चार बोटं रुंद कडं निघालं. इतकी सुबक साल मी पाहिली नव्हती. हात दिवसभर चिकट. साबणाने जाईना, रॉकेलने जाईना. किळसवाणं झाड.

९ डिसेंबर
काव्या आली, बागेत जाऊन आली आणि माझ्याशी बोलली नाही. गावाकडे काहीतरी बिनसलं असावं. नंतर खोडाला ओली माती आणि फडकं बांधताना दिसली. भावनाप्रधान मुलगी. विज्ञानात फार पुढे जाणार नाही.

२२ जानेवारी २०२५
सालीतून नुसता डिंक. हैदराबादवाल्यांनी कळवलंय, ताजी कोवळी पानं पाठवा. ठीक आहे. पाऊस पडला की पानं, पानांतून जीनोम, जीनोमवर काव्याची पीएचडी. सगळं सरळ आहे. मध्ये फक्त उन्हाळा.

१० मार्च
प्राचार्य म्हणाले, बिराजदार, तुमचं ते झाड वाळलंय वाटतं. यांचा विषय वाणिज्य. म्हटलं, सर, ती सुप्तावस्था आहे. आजपासून रोज पाणी.

११ मार्च
पाणी राहिलं. सुप्तावस्थेत जास्त पाणी बरं नसतंच.

१६ जुलै
बागेतल्या सगळ्या झाडांना पालवी आली. कुंपणाच्या कण्हेरीलासुद्धा, जिला कुणी विचारत नाही. गुग्गुळ अजून विचार करतोय. खानदानी झाडं घाई करत नाहीत.

काव्याने फांदीवर नख ओढलं. आत हिरवं काही नव्हतं. मग फांदी वाकवली तर ती कट्कन मोडली. तिने तुकडा तिथेच ठेवला आणि ओढणीने डोळे पुसले. धूळ फार आहे बागेत.

२९ जुलै
काव्याने गाइड बदलून मागितला. विषयही. आजवरची सगळी मेहनत पाण्यात घालून आता पहिल्यापासून सुरुवात करणार. कारण विचारलं तर म्हणाली, कारण तुम्हाला म्हाईत हाय सर. एवढी शिकली तरी बोलणं तिच्या वैराग गावचंच. सही करून दिली. कृतघ्नपणाचा मला तिटकारा आहे. दिवसभर घशाशी आंबट येत होतं.

१९ ऑगस्ट
मला अकरावीचा तास दिला. अकरावी! प्राचार्यांचा सूड.

विषय, वनस्पतींमधलं अन्नवहन. अर्ध्या झोपेत शिकवता येतो. फळ्यावर खोड काढलं. त्याच्याभोवती साल काढलेलं कडं दाखवलं. सांगायला लागलो की पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली जातं. साल गोलाकार काढली की वाट तुटते. मुळं उपाशी राहतात. आणि झाड

इथे खडू थांबला. बोटं रुमालाला पुसली, डिंक नसताना. या खेपेला दुसऱ्या कुणाची किळस नव्हती.

आरोही नावाची पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मरतंय सर. आपल्या बागंतल्या गुग्गुळाचं असंच झालंय की. काव्या मॅडमनी काल प्रॅक्टिकलला दाखवलं.

मागून कुणीतरी विचारलं, कुणी काढली वो सर साल?

म्हटलं, असेल कुणीतरी अडाणी.

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.