बिनरंगाचं टेबल

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी, मुलं मजेत असतील. आईचं प्लॅस्टर अजून पंधरा दिवस आहे. जीभ मात्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत.

मला न विचारता, माझ्या नावाने तू प्रदर्शनवाल्यांना ‘टेबल मागे घेते’ असं कळवलंस. काल कळलं. मी लगेच फोन करून ते रद्द केलं. टेबल जाणार.

तू म्हणालास, “शिल्पकाराने पुतळे करावेत. पत्र्याला घड्या घालून कुठे टेबल होतं? चार पाय जोड, नाहीतर सोड तो नाद.” नाही जोडणार. त्यात सांधा नाही, स्क्रू नाही. एक अख्खा पत्रा, दोन काप, तीन घड्या. माझ्या लेखी ते शिल्पच आहे, फक्त त्यावर चहाचा कप ठेवता येतो.

उठताना आईने त्यावर हात टेकला, ते दुमडलं, ती पडली. तेव्हापासून तू त्या घड्यांना दोष देतोयस आणि मी गप्प ऐकतेय.

तिसऱ्या घडीत केसाएवढी चीर होती. मला दिसली होती, दादा. पत्रा ज्या दिशेने लाटलेला असतो, तिला आडवी घडी घालायची असते, नाहीतर पत्रा चिरतो. घाईत मी उलटं केलं. तो तुकडा भंगारात टाकायचा, तर मी वरून काळा रंग मारला आणि कौतुक करून घ्यायला आईच्या पलंगाशी नेऊन ठेवला.

परवा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पाय मोडला त्याचं काही नाही. रंग मारलास, ते लागलं.”

मला रडू फुटलं. “रडतेस काय? दुसरं कर. बिनरंगाचं.”

केलं. सगळ्या घड्या उघड्या. दोन्ही पायांनी वर उभी राहिले, उड्या मारल्या. आईने प्रत्येक घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “आता पाठव.”

चूक माझी होती, टेबलाची नव्हती. प्रदर्शनात कुणी विचारलं तर हेच सांगेन. पुन्हा माझ्या नावाने एक ओळही लिहायची नाही. रागवायचं असेल तर इथे ये आणि तोंडावर रागव. आई वाट बघतेय.

माफी मागणारी, पण माघार न घेणारी,
तुझी धाकटी