पहिल्या ओळीचा ग्राहक

देवास, गुरुवार

प्रिय मेधा,

फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरशील. तब्येत ठीक आहे. फोनवर तू पहिल्याच वाक्याला "अहमदाबादचं काय ठरलं?" विचारतेस आणि माझं पुढचं सगळं अडकतं. कागद मध्ये बोलत नाही.

भैयासाहेबांनी पंपांची एजन्सी अहमदाबादवाल्यांना विकल्यापासून मी एकाच कामाला जुंपलेला आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा, ग्राहक, विक्री, दुरुस्त्या, बाहेर काढून तिकडे पाठवायचा. तो पोचला की इथलं ऑफिस बंद, आणि मी त्यांच्याबरोबर जाणार की नाही ते त्याच दिवशी सांगायचं. म्हणून काम लांबत होतं त्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. पण थकलो. एक्स्पोर्टचं बटण दाबायचं, पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि अर्ध्या वाटेत सगळं गप्प. एवढं त्या मशीनला एका घासात गिळवत नाही. मग वर्षावर्षाचे तुकडे केले. एका फाइलीत तर सगळी नावं चौकोन होऊन आली. बागचे, कुक्षीचे, निसरपूरचे शेतकरी, सगळे सारखेच चौकोन. निसरपूरवाल्यांचे पत्ते गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर मीच एकेक करून बदलले होते. ते चौकोन बघवेनात. खिडकीतून टेकरीवरच्या माताजीला हात जोडले आणि पुन्हा बसलो.

शेवटी सगळं बाहेर आलं, तर ग्राहकांचा आकडा जुळेना. जुन्या यादीपेक्षा तिकडे एक कमी. अहमदाबादकडून कृतिका नावाची मुलगी हे काम बघते. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली आहे, पण बोलते हिंदीच. "हंबीर अंकल, आपका एक आदमी बस से उतर गया," म्हणून रोज चिडवायची. काल तिनं जुनी यादी मागवून पहिल्या ओळीपासून तपासली आणि फोन केला, "अंकल, ये श्री कौन है? इसने आज तक एक वॉशर नहीं खरीदा!"

मला हसूच आलं. सॉफ्टवेअर नवं बसवलं तेव्हा भैयासाहेब धारहून मुद्दाम आले होते. "बहीखातं असो की मशीन, हंबीरराव, पहिली ओळ देवाची," म्हणाले. मी पहिल्या ग्राहकाच्या जागी 'श्री' लिहिलं. पण पत्ता आणि मोबाइल दिल्याशिवाय मशीन पुढे जाईना. देवाचा पत्ता काय देणार? मी आपल्या कुक्षीच्या घराचा दिला, आणि नंबर तुझा. दर दिवाळीला तुला "आदरणीय श्री जी, पंप की सर्विसिंग करा लें" असा मेसेज येतो आणि हा मेला श्रीजी कोण म्हणून तू मला विचारतेस, तो हाच. त्याच्या नावावर खरेदी नाही, म्हणून एक्स्पोर्ट त्याला दर वेळी मागे सोडत होता.

कृतिका खूप हसली. मग कामाच्या सवयीनं विचारलं, "इस पते पर कोई रहता है क्या? या हटा दूँ?"

रहता है, म्हणालो. पण कोण राहतं? तू राहतेस. देवही राहत असेल, तुझ्या तुळशीपाशी. मी शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळची बस धरतो. शेजारच्या यमुनाबाई मला शनिवारचे जावई म्हणतात, तूही हसून पाहुण्यांचा तो निळ्या फुलांचा कप काढतेस. त्या कपात चहा मला कधी गोड लागला नाही, पण बोललो नाही.

तिला म्हणालो, हटा दो बेटा, तो आपल्या घरी बरा आहे. आकडा जुळला, काम संपलं. आणि त्याच फोनवर सांगून टाकलं, मीपण येत नाही.

पगार जाईल. कुक्षीत एखाद्या पंपवाल्याकडे जागा मिळेल, अर्ध्यावर. तुझ्या शाळेच्या नोकरीच्या भरवशावर हे केलं आणि तुलाच विचारलं नाही. रागवायचं तर समोर बसवून रागव. हे पत्र कुक्षीच्या बसवाल्याबरोबर धाडतोय ते एवढ्यासाठीच, की शनिवारी मी गादी आणि ट्रंक घेऊन उतरेन, दारात एकदम पाहून दचकू नकोस. सोमवारी तू शाळेतून परतशील तेव्हाही मी घरीच असेन. तो निळा कप तेवढा वरच्या फळीवर ठेवून दे.

तुझाच, आता रोजचा,
हंबीर