मादाम वोक्लँच्या चित्रावरचं वार्निश

पॅरिस, मार्च १८८०

आदरणीय उर्सुलताईस,

धाकट्या अन्सेल्मचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला, दोन्हींसाठी रोज प्रार्थना करतो. (खोकल्यासाठी जरा जास्त, तो तुला झोपू देत नाही.) मी ठीक आहे. म्हणजे तब्येतीने.

गेल्या आठवड्यात मादाम वोक्लँ यांनी दुकानात एक चित्र चौकटीसाठी दिलं. खिडकीशी केस विंचरणारी त्यांची बहीण. ती बिचारी हिवाळ्यात वारली. या बाई त्या नव्या चित्रकारांपैकी, ज्यांचं चित्र आपल्याला अर्धवट वाटतं आणि ते मात्र खाली सही करून मोकळे होतात. रंग इतके फिके, जणू पीठ सांडलंय. वार्निश न लावण्याची या मंडळींची रीत मला ठाऊक होती. पण बाईंनी तरुणपणी शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या फ्रेंच चित्रकारांच्या नकला करून हात बसवला, त्यांनाच गुरू मानलं. आणि ती जुनी चित्रं कशी मधासारखी सोनेरी! म्हटलं, शिष्येलाही गुरूंचा रंग चढू दे. (दया माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.) तपकिरी वार्निशचे दोन हात मारले.

बाई आल्या, पाहिलं, खाली बसल्या. म्हणाल्या, "अन्सेल्म, माझ्या बहिणीला कावीळ झाली हो."

मग मला संग्रहालयात घेऊन गेल्या. तिथे एका जुन्या चित्रावरचं पिवळं पडलेलं वार्निश अर्ध्या भागातून काढलेलं होतं. ताई, अर्ध्यात मध आणि अर्ध्यात पहाट! तोच फिका गुलाबी, तेच घाईचे फटकारे. "हे माझे गुरू," बाई म्हणाल्या, "आणि तो मध तुमच्यासारख्या भल्या माणसांचा." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी वाद घातला असता आणि थोडं बरं वाटलं असतं. बहीण काही पुन्हा खिडकीशी बसायची नाही.

तुझा,
अन्सेल्म

ता.क. पाद्रीबाबांपाशी कबुली दिली. त्यांनी क्षमा केली आणि हळूच विचारलं, आपल्या देवळातल्या संत जोसेफालाही तसाच सोनेरी हात मारशील का?

आणखी ता.क. हे वार्निश कोरड्या बोटाने चोळलं की भुकटी होऊन निघतं. वार्निश विरघळवायचं औषध लावलं तर खालचा कोवळा रंगही जाईल. चित्रातली भिंत आणि पडदा मी साफ केला. चेहऱ्याला माझी ही खरबरीत बोटं लावायचा धीर होत नाही. तू चाळीस वर्षं लेस विणलीस, तुझी बोटं मऊ आहेत. शनिवारची गाडी पकड. भावोजी खोकल्यासकट आले तरी चालतील. बाईंना म्हटलंय, एक जाणकार येणार आहे. "कोण?" त्यांनी विचारलं. म्हणालो, "माझी बहीण." तेव्हा कुठे त्या "बरं" म्हणाल्या.