यंदा भुतं नाहीत

प्रिय ट्रेंट,

हे तुला आपल्या समितीतल्या हार्लनकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. रविवारी फोनवरच सांगणार होते, पण तू गाडी चालवत होतास, मग हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. दर हॅलोविनला तिकीट लावून लोकांना घाबरवायला आपण संग्रहालयात मांडायचो ते भुतांचं घर बंद झालं. या हॅलोविनपासूनच.

निमित्त झालं भुतांसाठी धूर सोडायच्या यंत्राचं. गेल्या खेपेनंतर गोधड्या सांभाळणाऱ्या नॅडीननं वरच्या खोलीतलं कपाट उघडलं, तर सगळ्या गोधड्यांवर तेलकट थर. संग्रहालय म्हणजे शेवटी डॉक्टरांचं जुनं घर, तिथून धूर जाणार तरी कुठे? गावातल्या बायकांनी आपापली नावं भरलेली लाल-पांढरी गोधडी तुला आठवत असेल, जिच्यावर तुझ्या पणजीचं नाव आहे ती. नॅडीननं ती समितीच्या सभेत टेबलावर पसरली आणि कडेला अलगद बोट लावलं, तर कापड तिथंच विरलं. मग हार्लनला राहवेना. म्हणाला, "गोधड्या बघायला वर्षाला माणसं येतात किती? चार. त्यातली दोन बाहेर पाऊस लागला म्हणून. हिवाळाभर हीटर चालतो तो भुतांच्या जिवावर, बायांनो." नॅडीन म्हणाली, "आणि गोधड्याच उरल्या नाहीत तर ऊब कोणाला देणार, हार्लन? रिकाम्या कपाटांना?"

मतं निम्मी-निम्मी पडली. अध्यक्ष मी, म्हणजे शेवटचं मत माझं. हार्लन माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "लुएला, नीट विचार कर. पोरगा तुझा तेवढ्यासाठीच येतो ना?" तो वाईट माणूस नाही. जे होतं तेच बोलला. मी बंद करण्याच्या बाजूनं हात वर केला. घरी आले आणि अंगातला कोट न काढताच कितीतरी वेळ बसून राहिले.

तुझे बाबा गेले त्या वर्षी तू पहिल्यांदा मदतीला आलास. मी मेलेली स्वयंपाकीण, टेबलावर मान टाकून पडलेली, आणि तू दाराआड साखळ्या खुळखुळवायला. बघ्यांची एक टोळी किंचाळत पुढे गेली की दुसरी येईपर्यंत अंधारात आपण दोघंच. घरी तू जेवतोस, "छान झालंय" म्हणतोस आणि फोन बघत बसतोस. मीही फार विचारत नाही, आपल्या घरात ती रीतच नाही. पण त्या दाराआडून तू बोलायचास. डेल्फीन तुला सोडून गेली, हे मला तिथंच कळलं, तोंडाला पीठ फासलेलं असताना. मी उठून तुझ्याकडे यायला लागले तर म्हणालास, "आई, पडून राहा, लोक आले." नोकरी गेल्याचंही तिथंच सांगितलंस, आणि मी डोळे मिटून, मेल्यासारखी, सगळं ऐकत होते. वर्षभर मी त्या बोलण्यावर काढायची.

बाकी ठीक आहे. पैशांसाठी आता वसंतात सूपची पंगत करायचं ठरलंय. हार्लन कुरकुरत का होईना, भांडी घासायला तयार झालाय. गुडघा दुखतो, पण चालते. या आठवड्यात नॅडीन आणि टपालवाला सोडून कोणाशी बोलल्याचं आठवत नाही.

पण हे सगळं सांगायला मी बसले नव्हते. मत दिल्यापासून एकच मनात येतं, की तुला इथं यायला जे एक काम होतं, ते मीच काढून टाकलं. ती गोधडी बघितल्यावर दुसरं मत देता आलं नाही, आणि आजही देता येणार नाही. तू नेहमीसारखी रजा टाकली असशील, तर रद्द करू नकोस. इथं तुझं काही काम नाही. नुसता मला भेटायला ये. हे मी तुला कधीच म्हटलेलं नाही, आणि फोनवर मला ते जमलंही नसतं.

तुझीच,
आई