अधांतरी सूर

व्हिएन्ना, १२ नोव्हेंबर १८३४

आपोलेनाताईस मातेयचा प्रेमाचा नमस्कार.

मी बरा आहे, खोकलाही कमी आहे. पण या नव्या संगीताची शिसारी आली आहे गं. नुसते उसासे आणि हुंदके!

काल एका तरुण रचनाकाराच्या पियानोच्या वहीची नक्कल उतरवून देत होतो. सगळी धून भटकून शेवटी अधांतरीच थांबलेली. बिचारा विसरला असेल म्हणून, धून जिथून निघाली तो घरचा सूर मीच शेवटी लिहून टाकला.

तो अंगावर धावून आला. “म्हातारबा, मुद्दाम अधुरं ठेवलंय! हुरहूर म्हणतात याला!”

हुरहूर कसली? थुंकावंसं वाटलं. घराबाहेर पडलेल्या सुरानं परत यायला नको?

नाताळात आई अजून माझं ताट मांडते का? यंदाही यायला जमणार नाही, हे तूच तिला सांग.

तुझा धाकटा,
मातेय