दहापैकी नऊ

अरे,

‘प्रिय’ लिहायचा हक्क आता तुझ्या नव्या बायकोचा. हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून मनातलं बोलते. ती माझ्या ऑनलाइन वर्गात शिकते. मी तुझी कोण होते, हे तिला ठाऊक नसावं.

सगळे एकमेकांची उत्तरं उतरवतात, म्हणून यंदा मी असाइनमेंटच बदलली. घरातली एखादी युक्ती सांगा, ती कुणाची तेही सांगा. लिहून, बोलून, फोटो काढून, कसंही चालेल. स्वतःच्या घराची कॉपी कुठून मारणार?

तिने आपल्या बेडरूमच्या खिडकीचा फोटो पाठवला. आपल्या नाही, तुमच्या. खाली लिहिलंय, “वाऱ्याने खिडकी वाजते, म्हणून हे रोज कागदाची घडी करून फटीत घालतात. युक्ती यांचीच.”

यांचीच! अरे, तुला साधा रुमाल घडी करता येत नव्हता. मी शिकवलंय ते.

तिने एक ओळही चोरलेली नाही. कॉपी तू मारलीस.

‘युक्ती मूळ कुणाची, ते त्यांना विचारा,’ असा शेरा लिहिला आणि पुसला. दहापैकी नऊ दिले. एक गुण कशाचा कापला असं तिने विचारलं, तर मी काय सांगू?

तुझी कुणीच नाही,
तिची मॅडम