एका बोटाचा नमस्कार

त्या मंगळवारी सकाळी चुलीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले आणि चहाची किटली उचलायला गेले, तर हात म्हणाला, नाही. पण थांबा वन्सं, नमस्कार राहिलाच. बॉस्टनची थंडी ओसरली का? तुमचा गुडघा काय म्हणतो? माझा संधिवात मजेत आहे. तब्येत खराब आहे ती माझी.

तर किटली. जो हात किटली उचलत नाही, तो तुमच्या भावाची गाडी काय वळवणार? मालाकी गेल्यापासून (आठ महिने झाले, तुम्हीही मोजत असाल) दफनभूमीपर्यंत मी त्याच गाडीने जाते. सहा मैल, आणि दुसरं वाहन नाही. म्हणून फिंटन मिस्त्रीला म्हटलं, स्टिअरिंग हलकं करून दे. तो म्हणाला, "हलकंच आहे की वहिनी, तेलाच्या दाबावर चालतं." म्हटलं, तुझ्या हाताला हलकं. मग फिरत्या ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचलं. स्टिअरिंगच्या चाकाच्या दांड्यात एक सळई असते, ती पिळली की तेल मदतीला धावतं. सळई बारीक केली की लवकर धावतं. इथवर समजलं. पुढचं मला समजलं नाही, फिंटनलाही नसावं. "किती हलकं?" त्याने विचारलं. मी भरलेली किटली दोन्ही हातांनी कवटाळून नेली. इंजिन चालू ठेवून त्याने ती चाकाच्या कडेला टांगली. तो सळया बदलत गेला, मी चहा ओतत गेले (निम्मा त्यानेच प्यायला). शेवटी रिकामी किटली टांगली तरी चाक फिरायला लागलं. आम्हा दोघांनाही फार आनंद झाला.

आता आपल्याकडची रीत तुम्ही विसरला नसाल. समोरून गाडी आली की नमस्कार म्हणून चाकावरून एक बोट उचलायचं. तुमच्या भावाने चाळीस वर्षं सारी पंचक्रोशी एका बोटावर खूश ठेवली. मीही उजवं बोट उचललं. डाव्या हाताच्या भाराने गाडी थेट काटेरी कुंपणात. दुसऱ्या दिवशी शहाणपणाने डावं उचललं, तर उजवीकडे, फादर कॉन्लन यांच्या गाडीच्या अंगावर. काच खाली करून म्हणाले, "ईथ्ना, पापांची कबुली शनिवारी असते. इतकी घाई कशाला?" मग बोट उचलणंच सोडलं. तर दुकानात कुजबुज, नवरा गेल्यावर बाई ताठली. ताठली! बोटं ताठली म्हणा.

फिंटन म्हणतो, पुन्हा थोडं जड करू. जड केलं तर तुमच्या भावाकडे दफनभूमीत जाता येत नाही, हलकं ठेवलं तर गाव तुटतं. शिवाय आता चाकातून खालचा रस्ता हाताला लागत नाही, सगळं लोण्यातून चालल्यासारखं. काय करावं सुचत नाही. तुम्ही लिहिता तशी गाडी विकूनच टाकते.

तुमची भावजय,
ईथ्ना

ता.क. विकायचं लिहिलं ते तुमचं मन राखायला. खरं मागणं हे, की उन्हाळ्यात या. मी दोन्ही हातांनी चाक धरेन, तुम्ही शेजारी बसून बोट उचला. तुमचं बोट अगदी त्यांच्यासारखं आहे.

पुन्हा ता.क. काल टपाल चुकलं. आज गाडीने दफनभूमीत जाऊन आले, आता पोस्टात उभी आहे. वाटेत सात गाड्या भेटल्या. सातही वेळा गाडी थांबवली, बोट उचललं, आणि पुढे निघाले.